आईची उलटतपासणी

इतिहासाच्या वर्गात सगळे जण एका बाईला आई म्हणत, आणि जिची ती खरोखरची आई होती त्या मुलीला ती हाक ऐकली की पेनाचं टोपण चावल्याशिवाय राहवत नसे. टोपणं बिचारी किती पुरणार?

त्या मुलीला वर्गाने सनावळी असं नाव ठेवलं होतं. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी सालांची यादी असते ना, ती हिच्या डोक्यात जशीच्या तशी छापलेली. कुठला तह कधी झाला, कुठली गादी कोणाकडून कोणाकडे गेली, विचारायचा अवकाश, उत्तर तयार. पहिल्या वर्षी ती विभागात पहिली आली. तेव्हा तिचं सगळं कसं जागच्या जागी होतं. पहिल्या बाकावर ती, फळ्याजवळ विभागप्रमुख बाई, आणि घरी आई. आई हिची पुस्तकं पुसून ठेवायची आणि कौतुकाने म्हणायची, "एवढं सगळं लक्षात कसं गं राहतं तुझ्या?"

पुसता पुसता आई ती पुस्तकं वाचतही होती, हे सनावळीच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. आईचं कॉलेजचं पहिलं वर्ष लग्नाआधी झालेलं, तेही इतिहास घेऊनच. पुढे लग्न झालं, लगेच सनावळीची चाहूल लागली आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. इतक्या वर्षांनी आईसाहेबांनी जुनी गुणपत्रिका ट्रंकेच्या तळातून शोधून काढली, कॉलेजच्या ऑफिसात खेटे घातले, आणि एक दिवस जेवताना जाहीर केलं की आपल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे.

"कुठल्या कॉलेजात?" सनावळीने घास हातात धरून विचारलं.

"तुझ्याच. दुसरीकडे कुठे शिकवतात इथे इतिहास?"

"म्हणजे तू माझ्या—"

"वर्गात! हो ना. मजा येईल की नाही?"

बाबांचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. ते हसले, म्हणाले, "आता मला भाजी कुठल्या सालातली आहे तेही कळणार." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईची ती पिवळी पडलेली गुणपत्रिका काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. सनावळीची पहिल्या नंबराची गुणपत्रिका कधीची दुकानात पडून होती. विचारलं की म्हणायचे, "करू गं, आधी गिऱ्हाइकांची कामं उरकू दे." पोटात दुखायला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून.

वर्गात ओळख दाखवायची नाही, असं दोघींचं ठरलं. आई गुपचूप मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी एक मुलगा बसायचा, त्याला डुलकी म्हणत, कारण तो तास सुरू झाला की झोपायचा. आई हजेरीच्या वेळी त्याला कोपराने जागं करायची आणि मधल्या सुट्टीत आपला डबा त्याच्यापुढे सरकवायची. पहिल्यांदा आई म्हणाला तो हाच. मग सगळ्यांनीच सुरुवात केली. आई, जरा पेन द्या. आई, माझं कपाळ गरम लागतंय का बघा. ज्या मुलीला तिला खरंच आई म्हणायचा हक्क होता ती पहिल्या बाकावर तोंड मिटून बसली होती. आईही काही कमी नव्हती. तिला ते आवडत होतं, चांगलंच आवडत होतं. तिने नवी पिशवी घेतली, चष्म्याला गोफ लावला, आणि फळ्याकडे बघताना मान जराशी तिरकी करायची सवय लावून घेतली. सनावळीच्या मते ती सवय विभागप्रमुख बाईंची होती.

एवढ्यावर भागलं असतं तर सनावळीने पचवलंही असतं. पण एक दिवस बाईंनी एका सेनापतीचं जुनं पत्र वाचून दाखवलं. शहर जिंकलं, लोकांनी फुलं उधळून स्वागत केलं, असं काहीतरी होतं त्यात. बाईंनी विचारलं, "ह्या पत्रावरून आपल्याला काय कळतं?"

सनावळीचा हात वर गेलेलाच होता. तिने साल सांगितलं, महिना सांगितला, शहराचं जुनं आणि नवं नाव सांगितलं.

"छान. आणखी?"

मागून आवाज आला, "बाई, हे पत्र त्याने लिहिलंय कोणाला?"

"राजाला."

"मग दुसरं काय लिहिणार तो? आमचे धाकटे भाऊजी नोकरी सुटली तरी घरी सगळं उत्तम आहे म्हणून कळवायचे. आणि ही आत्ता म्हणाली तो महिना तर ऐन थंडीचा. तिकडे बर्फ असेल. लोकांनी फुलं आणली कुठून?"

वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. साधनांची चिकित्सा म्हणतात ती ही. कागद काय बोलतो ते नंतर, तो कोणापुढे बोलतोय ते आधी बघायचं." सगळ्यांनी लिहून घेतलं. सनावळीनेही लिहून घेतलं, कारण ते परीक्षेत येणार होतं. महिना तिने सांगितला होता आणि शाबासकी आईला मिळाली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरीही सुटका नव्हती. आईला दुसऱ्याचं वाक्य पुरतं ऐकायची सवयच नव्हती. समोरचा माणूस शब्दासाठी जरा अडखळला की तिला बघवत नसे, ती तो शब्द लगेच त्याच्या हातात द्यायची. "मला आज जरा—" "डोकं दुखतंय ना? ये, चेपते." बहुतेक वेळा ती बरोबर असायची. नसली तरी लोक हो म्हणून टाकायचे, कारण ती इतक्या मायेने सांगायची की नाही म्हणणं जिवावर यायचं. सगळ्या आळीत तिच्याइतकं कोणी कोणाला आवडत नव्हतं. सनावळी कोणाला फारशी आवडायची नाही, आणि हे तिला ठाऊक होतं. लहानपणापासून पाहुणे आले की तिची पाठ थोपटायचे आणि आईशी बोलायचे. अभ्यास हीच काय ती एक जागा होती जिथे आई नव्हती.

तर अशा ह्या मायलेकी तिसऱ्या वर्षात आल्या. त्यांचं नातं तोवर वर्गात सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटा प्रबंध लिहायचा असे. आणि त्यावर एक मोठी गोष्ट ठरायची. राज्याचं जे अभिलेखागार होतं, जुनी कागदपत्रं जपून ठेवण्याचं, तिथे दरवर्षी ह्या विभागातल्या एकालाच शिकाऊ उमेदवाराची जागा मिळायची. सनावळीने पहिल्या वर्षी सहलीत ते अभिलेखागार पाहिलं होतं. उंच छताची शांत खोली, लांबलचक टेबलं, आणि हातमोजे घालून पानं उलटणारी माणसं. त्यांच्याशी कोणी गप्पा मारत नव्हतं आणि त्यांनाही कोणाशी मारायच्या नव्हत्या. तिला वाटलं, आपण इथल्याच आहोत. तेव्हापासून ती जागा म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा झाली होती. आणि आता विभागात कुजबुज होती की बाईंच्या मनात आई आहे.

आईने विषय घेतला होता धुणंघराचा. जुन्या आळीच्या टोकाला नगराने बांधलेलं एक सार्वजनिक धुणंघर होतं, दगडी हौद, दगडी ओटे. बायका तिथे कपडे धुवायला जमायच्या. पुढे घरोघरी नळ आले आणि नगराने ते बंद केलं. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. आईने तिथे धुणं धुतलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, आवाज मुद्रित केले. तिच्या प्रबंधाचं काळीज एका प्रकरणात होतं. कुलूप लावायला माणसं आली त्या दिवशी बायका ओल्या दगडांवर बसून राहिल्या, उठायलाच तयार होईनात, असं ते प्रकरण. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. डुलकी अख्खं प्रकरण जागा होता.

सनावळीचा विषय होता नगराच्या हद्दी कशा बदलत गेल्या. एक चूक शोधून दाखवावी असं काम होतं. ते कोणी वर्गात वाचून दाखवलं नाही.

आता बाईंची एक पद्धत होती, तिला सगळे उलटतपासणी म्हणत. प्रत्येक प्रबंध वर्गातल्या दुसऱ्या कोणीतरी वाचायचा, एकूण एक तळटीप मूळ साधनाशी ताडून बघायची, आणि शेवटी सभेत सर्वांसमोर लेखकाला प्रश्न विचारायचे. नियम एकच आणि कडक. चूक सापडली की ती आधी लेखकाला सांगायची, म्हणजे त्याला दुरुस्त करता येईल. चूक दाबून ठेवून सभेत बाहेर काढणारा स्वतःच बाद. "आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, वकील नाही," असं बाई म्हणायच्या.

"आईंचा प्रबंध कोण वाचणार?" बाईंनी विचारलं.

"मी," सनावळी म्हणाली.

वर्गाला ते फार गोड वाटलं. बाईंनी मात्र तिच्याकडे निरखून पाहिलं. "ती आई आहे हे बाजूला ठेवून वाचता येईल तुला?"

"येईल," ती म्हणाली. त्यात तिला काहीच अडचण नव्हती.

मग दुपारच्या दुपारी ती विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसू लागली. तळटिपा बरोबर होत्या. साल बरोबर, नगराचे ठराव बरोबर. आईने हे सगळं पोरीच्याच वह्या बघून शिकून घेतलं होतं, आणि चांगलं शिकली होती. सनावळीची चिडचिड होत चालली. शेवटी तिने मुलाखती ऐकायला घेतल्या. पहिली होती कुबडीवाल्या आजींची. धुणंघराच्या अगदी समोर आयुष्य गेलेलं, सगळ्यांत थकलेल्या त्याच.

आजी सावकाश बोलत होत्या. "सकाळी कुलूप लावायला माणसं आली. आम्ही सगळ्या तिथंच होतो. मुकादम म्हणाला, चला बायांनो. आणि मग आम्ही... म्हणजे त्या दिवशी असं झालं, की आम्ही..."

आजी थांबल्या. मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"बसून राहिलात ना!" आईचा आवाज आला, मायेने ओथंबलेला. "दगडांवरच. हलला नाहीत. माझी आई सांगायची."

पुन्हा टिकटिक. मग आजी म्हणाल्या, "हो. बसलो. बसलो ना बाई."

सनावळीने ते पुन्हा ऐकलं. मग बाकीच्या मुलाखती काढल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाखतीत आईने आधीच विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्हीही बसला होतात का दगडांवर?" बहिऱ्या आत्यांना तर तिने सगळी हकीकत मोठ्या आवाजात ऐकवली होती आणि आत्या म्हणाल्या होत्या, "असंच, असंच." म्हणजे साक्षीदार कितीही असोत, गोष्ट एकीचीच होती. प्रश्न विचारताना आईने उत्तरही आपणच दिलं होतं. घरातली तिची ती सवय प्रबंधात शिरली होती आणि प्रबंधाचं काळीज होऊन बसली होती.

सनावळीला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठली आणि उगाच खिडकी उघडून आली.

घरी जाऊन आईला सांगायचं असं तिने ठरवलं होतं, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती दुकानावरून गेली तर आत आई नेमकं तेच प्रकरण बाबांना आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवत होती. काकू डोळे पुसत होत्या. बाबांनी हातातली काच बाजूला ठेवली होती आणि ते बायकोकडे असे बघत होते, जसं सनावळीच्या गुणपत्रिकेकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "ह्याचं पहिलं पान चौकटीत बसवणार मी," ते म्हणाले. "सगळ्यांत भारी पट्टी लावून."

"आलीस का?" आई म्हणाली. "वाचलंस ना? कसं वाटलं?"

"चांगलं—"

"झालंय ना! मला वाटलंच तुला आवडेल."

सनावळी तशीच दुकानातून निघाली. उद्या सांगू, असं तिने मनाला समजावलं. उद्या आला, परवा आला. रोज सकाळी आई आरशासमोर सभेतलं भाषण म्हणून बघायची आणि रोज सनावळीला वाटायचं, म्हण, म्हण, अजून जरा जोरात म्हण. आणि अशातच एका संध्याकाळी निरोप आला की कुबडीवाल्या आजी गेल्या.

आई तिकडे जाऊन आली आणि चपला न काढता खुर्चीवर बसली. "सून सांगत होती, मी जाऊन आल्यापासून खुशीत होत्या म्हणे. इतक्या वर्षांत कोणी काही विचारलंच नव्हतं त्यांना." सनावळीने तिला पाणी आणून दिलं. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलंस हेही ऐकून घ्यावं लागणार होतं. ती आत जाऊन पुस्तक उघडून बसली. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

सभेच्या दिवशी विभागाची मोठी खोली भरली होती. अभिलेखागाराचे एक अधिकारी आले होते. बाबा दुकान बंद करून मागच्या रांगेत बसले होते. सनावळीची तपासणी आधी झाली. तिचा प्रबंध डुलकीने वाचला होता आणि त्याने एवढंच विचारलं की नकाशे हाताने काढलेत का, कारण फार सुरेख आहेत. टाळ्या पडल्या, सभ्यपणाने. मग आई बोलली. तिने ते प्रकरण सांगितलं तेव्हा अधिकाऱ्यांनी पुढे वाकून कानामागे हात धरला.

"प्रश्न?" बाई म्हणाल्या.

सनावळी उठली. तिने यंत्र टेबलावर ठेवलं आणि तो तुकडा सर्वांना ऐकवला. आम्ही... मग टिकटिक. मग आईचा आवाज. मग, हो, बसलो ना बाई. बाकीच्या दोन मुलाखतींतले तुकडेही तिने ऐकवले.

"माझा प्रश्न असा आहे," सनावळी म्हणाली. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. "आजी काय म्हणणार होत्या?"

आईचा चेहरा उतरला. ती यंत्राकडे बघत राहिली. किती तरी वेळ तिला बोलताच येईना, आणि ह्या वेळी तिचं वाक्य पूर्ण करायला कोणी आलं नाही.

"मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी त्यांना बोलूच दिलं नाही. बरोबर आहे हिचं. हे प्रकरण टिकत नाही."

"आता त्यांना विचारता येईल?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. त्या गेल्या आठवड्यात वारल्या."

बाई सनावळीकडे वळल्या. "हे तुला कधी सापडलं?" सनावळी यंत्राची तार गुंडाळू लागली. मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हाला हिने आधी कळवलं होतं का?"

आईने लेकीकडे पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं असावं, कारण घरातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. "कळवलं होतं," आई म्हणाली. "चांगलं वेळेवर. आजी होत्या तेव्हाच. म्हणाली होती, आई, पुन्हा जाऊन विचार. मीच आळस केला. तिचा काही दोष नाही."

खोलीभर हळहळ पसरली. आणि ती हळहळ आईसाठी होती! सनावळीला ते स्पष्ट दिसलं. पोरीच्या चोख कामाचं कौतुक होतंच, जागाही आता तिचीच होती, बाईंनी हातात पेन घेतलंही होतं. पण सगळे बघत होते आईकडे. चूक कशी मान्य केली, दोष कसा अंगावर घेतला. आणि खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. उद्या ती अभिलेखागारातल्या लांब टेबलाशी बसणार, हातमोजे घालणार, आणि ती खुर्ची आईने दिलेली असणार. आईने खोटं बोलून दिलेली. म्हणजे ह्यातसुद्धा आईच पहिली. हे तिला सहन होईना.

"खोटं आहे ते," सनावळी म्हणाली.

"ठमे, गप्प बस," आई म्हणाली. वर्गासमोर तिने ते घरचं नाव पहिल्यांदा उच्चारलं.

"मी कळवलं नव्हतं. मला आधीच सापडलं होतं. आजी जिवंत होत्या. मी मुद्दाम सांगितलं नाही, सभेत विचारायचं म्हणून."

हे ती प्रामाणिकपणाने बोलली असं नंतर पुष्कळांनी म्हटलं, आणि तिने ते म्हणू दिलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. नियम तो नियम. सनावळी बाद, आईचं प्रकरण बाद, आणि जागा मिळाली डुलकीला. त्याचा प्रबंध रस्त्यांवरच्या दिव्यांवर होता आणि तो खरोखर बरा होता. त्याला दोनदा सांगावं लागलं.

घरी जाताना बाबा पुढे निघून गेले. अशा वेळी पुढे निघून जायचं असतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मायलेकी मागे चालत होत्या.

"जागेचं काही नाही मला," आई म्हणाली. "मला पाडायचं होतंस, पाडलंस. पण त्या बाईंना काहीतरी सांगायचं होतं गं. मी तोंड बंद केलं त्यांचं. ती माझी चूक. पण तू सांगितलं असतंस तर मी त्याच पावली गेले असते. विचारलं असतं. तेवढा वेळ होता आपल्याकडे, आणि तू तो जाऊ दिलास."

सभेत सनावळीला जे वाटलं होतं ते सगळं जिरून गेलं, आणि आजींच्या घड्याळाची ती टिकटिक तेवढी कानात राहिली. आजींच्या बोलण्यातली ती रिकामी जागा आता कोणी कधीच भरून काढणार नव्हतं. ह्याची मात्र तिला लाज वाटली, मनापासून वाटली.

"बहिऱ्या आत्या आहेत अजून," ती म्हणाली.

"त्यांनाही मीच सगळं ऐकवलंय."

"मी विचारते. तू बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

"आई, एक अक्षर नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी आत्यांकडे गेल्या. आत्यांनी आईला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, सनावळीकडे बघून नुसती मान हलवली. ते नेहमीचंच. सनावळीने यंत्र सुरू केलं आणि आत्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "धुणंघर बंद झालं, त्या दिवशी काय झालं?"

आत्या विचार करत राहिल्या. खूप वेळ गेला. आईने रुमाल तोंडात कोंबला होता. सनावळीला थांबायला काहीच त्रास झाला नाही. तिला गप्प बसता येत होतं, आणि ते एक तिला आयुष्यभर येत आलं होतं.

"काय होणार?" आत्या म्हणाल्या. "आनंद झाला. थंडीत त्या पाण्याने बोटं फुटायची, रक्त यायचं. घरात नळ आले होते, तरी सासवा तिकडेच धाडायच्या. कुलूप लावणाऱ्याला आम्ही म्हटलं, नीट लाव बाबा, पुन्हा उघडायला नको. ती कुबडीवाली तर हौदात उडी मारून नाचली, लुगड्यासकट. मुकादम पळाला लाजून." आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"मग बसून राहिलात, असं का म्हणालात मागे?"

आत्यांनी आईकडे बोट केलं. "ही किती हौसेने सांगत होती. तिच्या आईची गोष्ट. हिची आई होतीच रंगवून सांगणारी. आता एवढी गुणी पोर, एवढ्या लांबून येते, हिला कसं सांगायचं तसं काही झालं नाही म्हणून? जीभच उचलत नाही." मग त्यांनी सनावळीला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझं तसं नाही. तुला काय, काहीही सांगता येतं."

सनावळीला ते लागलं, आणि त्याच क्षणी ते किती मोलाचं आहे हेही कळलं. तिने यंत्र बंद केलं. नाचणाऱ्या बाईची गोष्ट तिच्या हातात होती, खरी, ताजी, आधी कोणी न लिहिलेली.

बाहेर आल्यावर आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत एक नजर होती. सनावळीने ती लगेच ओळखली, कारण गेली दोन वर्षं ती नजर तिची स्वतःची होती.

"मी कितीदा आले असेन ह्यांच्याकडे," आई म्हणाली. "खाऊ घेऊन यायची, पाय चेपून द्यायची. मला नाही सांगितलं त्यांनी."

"नाही."

"तू आज आलीस. धड हसलीही नाहीस. आणि तुला सांगितलं."

"राग आलाय का माझा?"

"राग नाही गं," आई म्हणाली. "हेवा वाटतोय. जळतंय अगदी इथे."

सनावळीने आईच्या खांद्यावरची ती नवी पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघी बसथांब्याकडे निघाल्या.